निळ्या रिंगचा कोंबडा

माझे सासरे मला बघायला आले तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, स्वयंपाक विचारला नाही. चालून दाखव म्हणाले. पेणकडच्या आमच्या घरात, कोब्यावर, मी भिंतीपासून दारापर्यंत अनवाणी चालले, वळले आणि परत आले. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि मुलाकडे मान न वळवता म्हणाले, "चालंल." पुढे कित्येक वर्षांनी, शिरवण्याच्या आमच्या गच्चीवर ते कोंबड्या निवडत होते तेव्हा मला उलगडा झाला. ते सगळ्यांचे आधी पायच बघतात.

शहर वसवायला जमीन गेली तेव्हा ते ऐन उमेदीत होते. गावात त्यांच्या डोळ्याचं नाव होतं. भाताचं बियाणं निवडायला लोक त्यांना खळ्यावर घेऊन जात. लोंबी बोटांत धरून ते सांगत, ही ठेव, ही खा. त्यांनी ठेवलेल्या बियाण्याचं भात वाऱ्यापावसात कधी आडवं पडत नसे, असं गावातली म्हातारी माणसं अजून सांगतात. मग शेतं गेली, शेतांच्या जागी रस्ते आणि कंपन्या आल्या, आमची चार मजली इमारत उभी राहिली, भाडेकरू आले. डोळ्याला काम उरलं नाही. तो घरातल्या माणसांवर फिरू लागला. सासूबाईंच्या भाकरीचा काठ, मुलाची छाती, माझी उंची, माझा रंग. मला मुलगी झाली तेव्हा ते दवाखान्यात आले, पाळण्यात वाकले आणि म्हणाले, "पाय चांगले हायत. पन एकावर थांबू नको." मी थांबले. ते त्यांनी मला कधी माफ केलं नाही.

सासूबाई गेल्या त्या वर्षी त्यांना फोनवर कोणीतरी एक व्हिडिओ पाठवला. फ्रान्सच्या कोंबड्या, नाव मारान्स. काळ्या पिसांच्या, मानेवर तांब्याची झाक, पायांना बाहेरून पिसं, आणि अंडं चॉकलेटच्या रंगाचं. ते चॉकलेट त्यांच्या डोक्यात बसलं. बंगळूरच्या कोणा शौकिनाकडून त्यांनी डझनभर अंडी मागवली. सात धड पोहोचली, चार फुटली, म्हणजे त्यांतून चार पिल्लं निघाली. तीन माद्या, एक नर. गच्चीवर टाकीच्या बाजूला जाळीची खुराडी उभी राहिली. नवरा महापे बाजूच्या कंपनीत शिफ्टवर, आणि तसाही बापासमोर त्याचा आवाज फुटत नसे. त्यामुळे अंडी उचलणं, पेन्सिलीने त्यावर तारीख घालणं, कोणत्या कोंबडीचं अंडं ते वहीत लिहिणं हे सगळं माझ्याकडे आलं. सकाळी गच्ची, मग डबा, मग बेलापूरचं ऑफिस. ऑफिसात मी दिवसभर दुसऱ्यांच्या फायलींवर शेरे लिहायची. घरी कोंबड्यांवर.

कोंबड्यांना नावं ठेवायची नाहीत हा सासऱ्यांचा नियम. पायात रंगीत रिंग, बस. लाल, पिवळी, हिरवी, निळी, काळी. दोनच निकाल असत. पिलू मोठं झालं की ते त्याला दोन्ही हातांत धरून उलटंपालटं करत आणि म्हणत, "गुन उतरला," नाहीतर, "नाय उतरला." पहिलं म्हटलं की पक्षी खुराड्यात परत जाई. दुसरं म्हटलं की पातेल्यात.

कापायचं वेळापत्रकही ठरलेलं. सोमवारी नाही, गुरुवारी नाही, संकष्टीला नाही. आणि श्रावणात तर घरात सुकटसुद्धा शिजत नसे. त्यामुळे वर्षभराचा सगळा हिशेब गटारीला व्हायचा. आषाढ संपता संपता, श्रावण लागायच्या आदल्या दिवशी, ज्यांच्याबद्दल शंका होती ते सगळे पक्षी जात. एखाद्याबद्दल त्या दिवशी ठरलं नाही तर त्याला श्रावणाचा आणि पुढे गणपती जाईपर्यंतचा जीव फुकट मिळे. मी ऑफिसात कॅलेंडर बघायची ते रजा मोजायला नाही. गटारी कोणत्या वारी येते ते बघायला.

तिसऱ्या वर्षीची हिरव्या रिंगची कोंबडी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. अंगाने बारकी, आणि तुऱ्याला एका बाजूला फाटा फुटलेला. शौकिनांच्या नियमात तो दोष. पण तिचं अंडं! सासऱ्यांनी बेलापुरातून एक कार्ड छापून, प्लास्टिकमध्ये घालून आणलं होतं. एक ते नऊ, फिक्या तपकिरीपासून काळपट चॉकलेटपर्यंत. चारच्या खालचं अंडं मारान्सचं मानायचंच नाही. बाकीच्या कोंबड्या सहा-सात नंबरचं घालायच्या. हिरवीचं आठच्या पुढे जायचं. तिचं अंडं हातात घेतलं की मला उगाच श्रीमंत वाटायचं. ती मला ओळखायची. मी गच्चीचं दार उघडलं की सगळ्यांच्या आधी जाळीशी येऊन माझ्या गाऊनची किनार ओढायची.

गटारीच्या आठवडाभर आधी मी धीर करून बोलले. "बाबा, हिरवीचं अंडं सगळ्यात गडद आहे. तिची पिल्लं काढू या."

"तुरा बग तिचा."

"अंडं काय तुऱ्यातून येतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बियाण्याचा तो डोळा. "मना शिकवते?" एवढंच म्हणाले. मी जिने उतरताना मागून आवाज आला, "एक काढून थांबली ती मना पैदास शिकवते."

गटारीला नणंदा, त्यांची मुलं, सगळे आलेले. सासऱ्यांनी मला गच्चीवर हाक मारली. नेहमी नवरा धरायचा, त्या दिवशी त्याला खाली पाठवलं. "बोलता येते ना? मंग धरता पन यील. धर." मी हिरवीला धरलं. तिने मान माझ्या मनगटावर टाकली, नेहमीसारखी. मी तिचे पंख आवळून धरले आणि तोंड फिरवलं तर ते म्हणाले, "बग. बगल्याशिवाय शिकनार कशी?" म्हणून मी बघितलं.

साफ करायचं कामही माझ्याकडेच. खाली मोरीत पोट उघडलं तेव्हा आत अंड्यांची माळ होती, लहान-मोठ्या पिवळ्या गोळ्या, आणि सगळ्यांच्या पुढे एक पूर्ण कवचाचं अंडं. त्या दिवशी दुपारपर्यंत तिने घातलंच असतं. या कोंबड्यांचा रंग अगदी शेवटच्या काही तासांत कवचावर चढतो हे मी वाचलं होतं. ते तसंच होतं, अर्धवट रंगलेलं, ओलं. मी उचललं तर रंग माझ्या अंगठ्याला लागला. मी ते अंडं हातात घेऊन उभी राहिले. मला रडू येत होतं आणि मागे नणंदा कांदा चिरत होत्या, म्हणून ते खपून गेलं. सासरे पाणी प्यायला आत आले, त्यांनी माझ्या हातात बघितलं आणि म्हणाले, "टाक कालवनात. वाया नको घालवू."

मी टाकलं. वाटप लावून, तिखट, चांगलं झालं होतं. सासऱ्यांनी दोनदा मागून घेतलं आणि मी दोनदा वाढलं. अंगठ्यावरचा तो डाग भांडी घासली तेव्हाच गेला.

त्या दिवसापासून मी त्यांना रंगाबद्दल एक शब्द सांगितला नाही.

आणि नेमकं त्याच्याच पुढच्या वर्षापासून त्यांना सांगायची गरज पडू लागली. ते अंडं उन्हात धरत, तोंडाजवळ नेत, डोळे बारीक करत. पायरी चुकत. कार्ड वापरायचं त्यांनी सोडून दिलं. गावातला एक मित्र म्हणाला, अरे कार्डावर लावून तर बघ, तर म्हणाले, "कार्ड नवशिक्यांना. मना कार्ड कशाला, माझा डोला हाय ना." ते कार्ड त्यांनी दाण्याच्या डब्यामागे टाकून दिलं. मी ते उचललं, पुसलं आणि माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवलं.

दर रविवारी ते दुपारी झोपले की मी अंडी कार्डावर लावायची. सात. पुढच्या वर्षी सहा. त्याच्या पुढच्या वर्षी पाच, कधी चार. डोळ्याने रंगच वेगळा दिसेना तेव्हा ते पिसांवर, अंगावर, पायांवर निवडत गेले. पक्षी देखणे होत गेले, भरदार, सरळ तुऱ्याचे, आणि अंडी दरसाल फिकी. मला सगळं दिसत होतं. ते अंडं हातात घेत, समाधानाने मान हलवत आणि विचारत, "काय गो, आठ ना?"

"तुम्ही म्हणाल ते," मी म्हणायची, आणि वहीत आठ लिहायची.

लोक म्हणतील, सांगून टाकायचं, म्हाताऱ्या माणसाशी कसलं वैर. खरं सांगते, मला मजा येत होती. त्यांचा जन्म एका डोळ्यावर उभा होता आणि तो डोळा विझत होता आणि तो किती विझलाय हे जगात मला एकटीला माहीत होतं. मी त्यांना औषध वेळेवर द्यायची, मऊ भात करायची, मे महिन्यात खुराड्यावर गोणपाट भिजवून टाकायची, कारण थंड देशाच्या त्या जाड कोंबड्या आमच्या उकाड्यात चोच उघडून धापा टाकत आणि तरी दरवर्षी दोन-तीन जातच. सून म्हणून कोणी माझ्याकडे बोट दाखवू शकलं नसतं. फक्त सत्य तेवढं मी त्यांना वाढत नव्हते.

गेल्या वर्षी खुराड्यात दोन कोंबडे होते, दोन वेगळ्या कप्प्यांत. निळ्या रिंगचा आणि काळ्या रिंगचा. कोंबड्याचा गुण त्याच्या अंगावर लिहिलेला नसतो. त्याच्या पोरी अंड्यावर आल्या की त्यांच्या अंड्यांवरून बापाची किंमत कळते. माझ्या साड्यांखालच्या कार्डाने मला सांगितलं होतं की निळ्याच्या पोरी सहा घालतात आणि काळ्याच्या तीन. आमच्या गच्चीवर मूळचा रंग जो काही उरला होता तो त्या एका निळ्यात होता. सासऱ्यांनाही निळाच आवडायचा, पण त्यांचं कारण वेगळं, त्याची छाती. काळ्याच्या शेपटीत एक पांढरं पीस आलं होतं, म्हणून गटारीला काळा कापायचा असं ठरलं.

गटारीची सकाळ. पाऊस उघडला होता, गच्चीवर शेवाळ. नवरा शिफ्टला गेला होता. सासरे जपून पावलं टाकत खुराड्यात गेले, पंखांचा धुरळा उडाला, आणि एक कोंबडा पायाने धरून बाहेर आले. "धर," म्हणाले.

मी धरला. त्याचे पाय माझ्या मुठीत होते आणि रिंग माझ्या बोटांखाली होती. मी बोट बाजूला केलं. निळी. त्या वेळी उजेड चांगला होता. मी पुन्हा बघितलं. निळीच.

सासरे पाटावर बसून सुरीची धार अंगठ्याने बघत होते. मला एकच वाक्य बोलायचं होतं. बाबा, हा निळा आहे. चार शब्द. मला हिरवीची आठवण आली असं म्हणायला मला आवडेल, पण तेव्हा काही आठवलं नाही. बोटं पुन्हा रिंगवर ठेवली, पंख आवळले, मान पुढे केली. आणि या वेळी मी स्वतःहून बघितलं.

तो शांत झाल्यावर मी म्हणाले, "बाबा, हा निळा होता."

त्यांचा हात थांबला. त्यांनी त्याचा पाय ओढून डोळ्यांजवळ नेला, इतका जवळ की नाकाला लागला. मग आकाशाकडे धरला. मग बोटाने रिंग चाचपली, जणू हाताला रंग कळणार होता. आत काळ्या रिंगचा कोंबडा आरवला. सासऱ्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. मला आनंद झाला. तो फार वेळ टिकला नाही, पण झाला.

"मना काला वाटला," ते म्हणाले.

"डोळे दाखवायला हवेत," मी म्हणाले. आधी चार वर्षं नवरा दबकत हेच म्हणत होता आणि त्याला उत्तर मिळायचं, तुझे दाखव. त्या दिवशी ते फक्त हो म्हणाले.

सीवूड्सला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकून तपकिरी झालेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजावून सांगायची त्यांना हौस. म्हणाल्या, आजोबा, तुमच्या डोळ्याची काच जुन्या चहाच्या गाळणीसारखी झालीय. सगळं जग तुम्हाला पिवळट, तपकिरी आणि गडद दिसतंय. निळा तर दिसतच नसणार. आधी उजवा डोळा करू, मग दोन-तीन महिन्यांनी डावा. सासऱ्यांनी मान हलवली. सगळं गडद दिसतंय, या वाक्यावर ते थांबले नाहीत. मी थांबले. त्यांना अजून समजलं नव्हतं आणि मी समजावलं नाही.

ऑपरेशन श्रावणात झालं. महिनाभर वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, कोंबड्यांजवळ तर मुळीच नाही. काळा चष्मा लावून ते हॉलमध्ये खिडकीशी बसत. आणि त्याच महिन्यात त्या वर्षीच्या अकरा तलंगा, म्हणजे नव्या, वयात आलेल्या कोंबड्या, पहिल्यांदा अंड्यावर आल्या. दोन निळ्याच्या, नऊ काळ्याच्या. मारान्स कोंबडीचं पहिलं अंडं तिच्या आयुष्यातलं सगळ्यात गडद असतं. पुढे रंग उतरतच जातो. म्हणजे जे काही दिसायचं ते आत्ताच.

मी पहिलं अंडं आणलं ते कार्डावर साडेतीन. चहात दूध थोडं जास्त पडावं तसा रंग.

"आला का अंडा?" सासऱ्यांनी पायऱ्यांवरचा माझा आवाज ऐकून विचारलं.

"आलं."

"कसा हाय रंग?"

"आता तुमचा नवा डोळा झालाय. तुम्हीच बघा महिन्याने. मी ठेवते सगळी."

ते हसले. लहान मुलासारखे हसले. "बरोबर हाय. ठेव, ठेव. एकदम बगू." त्यानंतर रोज सकाळी ते विचारत, आज किती झाली, आणि मी आकडा सांगे. गावातल्या मित्राला फोन करून त्यांनी बोलावून ठेवलं, गणपती गेले की ये, या वर्षीचा माल दाखवतो. नणंदांना सांगितलं. मुलाला सांगितलं. माझ्या मुलीला पुण्याला फोन केला, नेहमी तिच्याशी दोन वाक्यं बोलणारा माणूस, आणि तिला चॉकलेटी अंडी बघायला बोलावलं. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. थांबवता आलं असतं. रोज सकाळी थांबवता आलं असतं.

त्या अकरांत एक पिवळ्या रिंगची होती. काळ्याची पोर. मी गच्चीवर गेले की ती माझ्या चपलेवर येऊन बसायची आणि उठायची नाही. अंडं तीन. मी तिला उचलून बाजूला ठेवायची, ती परत येऊन बसायची.

गौरी-गणपती गेले. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली आणि त्याच सकाळी सासरे माझ्या खांद्यावर हात ठेवून गच्चीवर चढले. मित्र दहा वाजता येणार होता. मी टाकीच्या कट्ट्यावर दोन ट्रे मांडून ठेवले होते. चांगली रांगेत. आणि शेजारी ते कार्ड, साड्यांच्या घडीतून काढलेलं. कार्ड ठेवायची काही गरज नव्हती. मी ठेवलं.

त्यांनी चष्मा काढला. आधी आकाशाकडे बघितलं आणि म्हणाले, "केवढा निला हाय गो." मग खुराड्याकडे, मग ट्रेकडे. एक अंडं उचललं. खाली ठेवलं. दुसरं उचललं. मग त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. अंडं समोर धरून त्यांनी उजवा डोळा झाकला, नवा, आणि जुन्या डाव्याने बघितलं. मग डावा झाकला आणि नव्याने बघितलं. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. एका डोळ्यात चॉकलेट, दुसऱ्यात दुधाचा चहा. किती तरी वेळ ते तसेच हात बदलत उभे होते. मग हात खाली आला.

ते कट्ट्यावर बसले. कार्ड उचललं, उलटं केलं, सुलटं केलं. "हा तू ठेवला व्हता?"

"हो."

"तुना दिसत व्हता सगला."

"हो."

"कवापासना?"

"हिरवीला कापलं त्याच्या पुढच्या वर्षापासून." मला वाटलं होतं हे वाक्य मी ओरडून म्हणेन. इतकी वर्षं मी ते मनात ओरडत आले होते. प्रत्यक्षात ते भाजीचा भाव सांगावा तसं आलं.

त्यांना हिरवी आठवेना. कोणती हिरवी, म्हणाले. तुऱ्याला फाटा असलेली, मी म्हणाले. त्यांनी विचार केला आणि मान हलवली. नाहीच आठवली. इतकी वर्षं मी ज्याची शिक्षा त्यांना देत होते ते त्यांच्या लक्षातच नव्हतं.

"आन निल्याचा?" त्यांनी विचारलं. "तो कापला तवा तुझ्या हातात व्हता. तवा पन दिसला व्हता?"

मी हो म्हणाले.

मला वाटलं ते शिवी देतील, हात उचलतील, निदान रडतील. ते माझ्याकडे बघत राहिले. नव्या डोळ्याने. वरपासून खालपर्यंत, आणि मग माझ्या पायांकडे. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी फक्त पक्षी हातात धरलेला असताना बघितलं होतं.

"उतरला," ते म्हणाले. "पोरात नाय उतरला, पोरींत नाय उतरला. तुझ्यात उतरला बग." आणि त्यांनी कट्ट्यावर थाप मारली. ते खूश होते. आयुष्यभर शोधत होते ते एक चांगलं बी त्यांना सापडलं होतं.

आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटलं. पंचवीस वर्षांत त्या माणसाने मला पहिल्यांदा चांगलं म्हटलं होतं आणि माझ्या आतून काहीतरी उडी मारून त्याच्याकडे गेलं.

खालून मित्राच्या स्कूटरचा आवाज आला. सासऱ्यांनी ट्रे उचलून टाकीमागे ठेवले, कार्ड माझ्या हातात दिलं. मग पाट ओढून त्यावर बसले आणि सुरी काढली. "त्याला सांग, जेवून जा. चांगला दिवस हाय, आज वार पन मोकला हाय." आणि खुराड्याकडे हात करून म्हणाले, "निवड. आता डोला तुझा."

मी जाळीच्या दारात उभी राहिले. निळ्याच्या दोन पोरी ठेवायच्या हे उघड होतं, जरी त्यांना जोडायला आता त्या पांढऱ्या पिसाच्या काळ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. बाकीच्या नऊ माझ्याकडे तोंड करून उभ्या. मी त्यांचे पाय बघत होते. पिवळ्या रिंगची नेहमीसारखी धावत आली आणि माझ्या चपलेवर बसली.

"हिच्यापासून सुरू करा," मी म्हणाले, आणि वाकून तिला उचललं.